दोन अर्थांची भट्टी

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली गाडी गोंदिया सोडते, सालेकसा-दरेकसाच्या रानातून वाट काढते, आणि महाराष्ट्राची हद्द केव्हा संपली हे प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही. डोंगरगडच्या टेकडीवरील बमलेश्वरीच्या देवळाकडे पाहून डब्यातील कित्येकांचे हात आपोआप जोडले जातात. मग राजनांदगाव येते, शिवनाथ नदीचा पूल येतो, दुर्ग येते. आणि दुर्ग मागे पडते न पडते तोच भातखाचरांच्या सपाटीवर धुराड्यांची एक रांग उभी राहिलेली दिसते. हेच भिलाई. नागपूर ते दुर्ग हे अंतर रेल्वेने सुमारे २६५ किलोमीटर भरते. म्हणजे नागपूरकराला भिलाई पुण्याच्या मानाने पुष्कळच जवळ. परंतु हावड्याकडे जाणारे आपण बहुतेक जण हा टापू झोपेत ओलांडतो.

वाचकहो, या प्रदेशाशी आपला संबंध मात्र झोपेत ओलांडण्याजोगा नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांची फौज रतनपुरावर चालून आली, आणि त्यानंतर नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगडावर भोसल्यांचा अंमल राहिला. पुढे इंग्रजी अमदानीत आणि स्वातंत्र्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. माधवराव सप्रे या मराठी माणसाने १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढले, आणि पुढे 'दासबोध' व 'गीतारहस्य' हे दोन ग्रंथ हिंदीत नेले. भाषांतरावर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला या वाटेने जाताना सप्रे यांचे स्मरण होणे क्रमप्राप्तच आहे. शिवाय येथील खेड्यांतल्या सरकारी शाळांच्या पाट्या वाचून पाहाव्यात. त्यांवर 'विद्यालय' या शब्दाबरोबरच 'शाला' अशीही अक्षरे दिसतात. 'शाला' वाचून मराठी डोळ्यांना घरच्यासारखे वाटते.

भिलाईची कथा आता शालेय पुस्तकांतून सर्वांस ठाऊक झालेली आहे. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि वर्षाला दहा लाख टन पोलादाच्या संकल्पाने आरंभ झालेला हा कारखाना वाढत वाढत आजच्या विस्ताराला पोहोचला. आपण ज्या रुळांवरून येथवर आलो, त्यांतले पुष्कळसे याच भट्ट्यांतून निघालेले असावेत. कारण भारतीय रेल्वेचे रूळ मुख्यत्वे येथेच ओतले आणि लाटले जातात. कारखान्याभोवती सेक्टरांची आखीव वसाहत आहे, सेक्टर नऊमध्ये मोठे रुग्णालय आहे, सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली उभारलेली मैत्रीबाग आहे, आणि २०१६ पासून एक आयआयटीही आहे. झाडांनी झाकलेल्या सरळ रस्त्यांवरून सकाळी मुले सायकलींवर शिकवणीला निघालेली पाहिली, म्हणजे हे गाव परीक्षा देण्यासाठीच वसविले की काय अशी शंका येते. हे सर्व अवश्य पाहावे. मला मात्र आज वाचकांना या वसाहतीच्या कुंपणापलीकडे न्यावयाचे आहे, आणि त्याला एक शब्द कारण झाला.

कारखान्यात तो शब्द 'धमन भट्ठी' असा ऐकू येतो. तीच वाट धरून शहराबाहेर पडावे, एखाद्या खेड्याच्या तिठ्यावर रस्ता विचारावा, तर उत्तर मिळते, "भट्ठीपासून उजवीकडे वळा." परक्याला वाटते, येथेही पोलाद ओततात की काय! तेथे जाऊन पाहावे तो जाळी लावलेले एक दुकान आणि त्यापुढे शिस्तीने उभी असलेली माणसांची रांग. छत्तीसगडात दारूच्या दुकानाला सर्रास 'भट्ठी' म्हणतात. आपल्याकडेही हातभट्टी आहेच; पण एकाच गावात एकाच शब्दाने देशाचे पोलाद आणि गड्याची दारू ही दोन्ही ओळखली जावीत, हा योग विरळा. २०१७ सालापासून ही दुकाने राज्य सरकारचे महामंडळ चालविते. म्हणजे दुकानाची पाटीही सरकारी आणि समोरच्या शाळेच्या भिंतीवरील नशामुक्तीचा उपदेशही सरकारीच. खेड्यातील माणसे या गोष्टीवर फार शांतपणे हसतात, आणि ते हसणे ज्याला ऐकू आले नाही त्याने या विषयावर व्याख्यान देण्यास उभे राहू नये, असे माझे मत झाले आहे.

या हसण्यामागचे वास्तव आकड्यांतही उतरलेले आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्समधील केंद्राने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाच्या लोकांत मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण देशात शेकडा १४.६ होते, छत्तीसगडात ते ३५.६, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. तंबाखूचेही तसेच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील भारतीयांपैकी शेकडा २८.६ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले, आणि छत्तीसगडात ३९.१. हे प्रमाण सात वर्षांपूर्वी ५३.२ होते हे सांगितले नाही तर या राज्यावर अन्याय होईल. सवयी सुटतात, लाखोंच्या सुटतात. त्या कशा सुटतात हेच पाहावयाचे आहे.

भिलाईहून धमध्याच्या वाटेला लागले की कारखान्याचा धूर पाठीमागे राहतो आणि टोमॅटोचे मळे लागतात. धमधा हे तळ्यांचे गाव. सहा कोडी आणि वर सहा, म्हणजे १२६ तळी, अशी त्याची जुनी ख्याती आहे. एखाद्या तळ्याच्या काठी सकाळी बसावे. घाटावर बायामाणसे येतात, पदराच्या गाठीतून एक लहानशी डबी काढतात, काळपट लगदा बोटावर घेतात आणि सावकाश दातांवरून फिरवीत गप्पा मारीत बसतात. हा लगदा म्हणजे गुडाखू. तंबाखू, गुळाची काकवी, चुना आणि तांबडी माती मळून तो करतात. छत्तीसगड आणि ओडिशा या प्रांतांत त्याचा प्रसार फार. तो दात घासण्यासाठी म्हणून तोंडात जातो आणि निकोटिन रक्तात सोडून जातो. आजीच्या मांडीवर बसलेले नातवंड आजीचे बोट पाहते, आणि शाळेत जाण्याच्या वयात तेच बोट त्याचे स्वतःचे होते. या मुलाला 'तू व्यसनी आहेस' असे सांगितले तर ते गोंधळून जाईल. त्याच्या लेखी ते दात घासत असते.

विदर्भातील वाचकांना हे सांगावयास नकोच. आपला खर्रा याच कुळातला. आणि सुपारी निरुपद्रवी आहे ही समजूत आपण जितक्या लवकर टाकू तितके बरे, कारण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच सुपारीला कर्करोगकारक ठरविले आहे. सुपारीने तोंडाच्या आतील अस्तर हळूहळू ताठ होत जाते, आणि एक दिवस जबडा पुरता उघडेनासा होतो.

नव्या पिढीपुढे याहूनही वेगळे संकट आहे, आणि ते अगदी साध्या वस्तूंच्या रूपाने येते. येथे नववीतल्या पुष्कळ मुलींना सरकारी योजनेतून सायकली मिळतात. पहाटे धुक्यातून त्यांचे थवे शाळेकडे निघालेले पाहणे हा या भागातील प्रवासाचा एक निर्मळ आनंद आहे. सायकल आली की पंक्चरचे दुकान आले, आणि पंक्चरच्या दुकानात सोल्युशनची नळी आली. ही नळी फडक्यावर पिळून हुंगणारी मुले शहरांच्या रेल्वे फलाटांवर आपण पाहिलेली असतील. ती आता खेड्यांच्या तिठ्यांवरही भेटतात. उपरोक्त पाहणीने एक गोष्ट बजावून सांगितली आहे. मद्य, गांजा, अफू यांचे सेवन प्रौढांत अधिक आणि मुलांत कमी, पण हुंगण्याच्या द्रव्यांचे प्रमाण तेवढे उलटे: प्रौढांत शेकडा ०.५८ आणि दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत १.१७. ही द्रव्ये स्वस्त आहेत, दुकानात उघड मिळतात, आणि पोलिसांच्या कोणत्याही यादीत नाहीत. टोल्युईनसारखे विद्रावक मेंदूतील तंतूंच्या स्निग्ध आवरणाचा नाश करतात. आणि क्वचित पहिल्याच खेपेस हृदयाची गती बिघडून मृत्यूही ओढवतो. खोकल्याचे औषध आणि झोपेच्या गोळ्या यांचाही गैरवापर होतो. मुलांच्या हाती विषय येतो तो असा, औषधांच्या आणि दुकानदारीच्या वेषात. शाळेच्या भित्तिचित्रांवर मात्र अजून सुई आणि कवटीच रंगविलेली असते.

आपण म्हणाल, मग शाळा काय करतात? शाळा पुष्कळ काही करतात. २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन संयुक्त राष्ट्रांनी १९८७ साली ठरविला. छत्तीसगडातील शाळा त्याच सुमारास उन्हाळ्याची सुट्टी संपवून उघडलेल्या असतात. मुलांची फेरी निघते, घोषणा होतात, हात पुढे करून शपथ घेतली जाते, चित्रस्पर्धेत वर सांगितलेली कवटी पहिले बक्षीस पटकावते. २०२० साली १५ ऑगस्टला केंद्र सरकारने नशामुक्त भारत अभियान २७२ जिल्ह्यांत सुरू केले, त्याच वर्षी शालेय आरोग्याचा कार्यक्रमही आला, आणि प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी अकरा विषय मुलांशी बोलावेत असे ठरले. त्या अकरांत व्यसनांचा प्रतिबंध हा एक विषय आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, अठरा वर्षांखालील मुलास विकू नये, हा कायदा तर २००३ पासून आहे. आणि मुलास मद्य, तंबाखू अथवा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद २०१५ च्या बालन्याय कायद्यात आहे. कायद्याच्या बाजूने उणेपण थोडे आहे.

तथापि फेरी आणि शपथ यांचा परिणाम काय होतो, हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे, आणि त्याचे उत्तर कार्यक्रम करणाऱ्यांना फारसे आवडणारे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाने प्रतिबंधाच्या उपायांचे पुरावे तपासून २०१३ साली मानके प्रसिद्ध केली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह त्यांची दुसरी आवृत्ती निघाली. नुसती माहिती देणारी व्याख्याने आणि विशेषतः भीती घालणारी व्याख्याने यांनी मुलांचे वर्तन बदलत नाही. व्यसनातून सुटलेल्या गृहस्थाला व्यासपीठावर आणून त्याची कहाणी ऐकविल्यानेही बदलत नाही. ज्यात मुले स्वतः बोलतात, नकार कसा द्यावयाचा याचा सराव करतात, 'सगळेच घेतात' ही समजूत खरी आहे काय ते मोजून पाहतात, आणि जे आठवड्याला एक या क्रमाने दहा-पंधरा तास चालते, ते शिक्षण उपयोगी पडते. चौदा वर्षांच्या मुलाला मरणाचे भय फारसे नसतेच. मेंदूचा जो भाग पुढचा विचार करून मागे ओढतो, तो पक्व होण्यास विशी उलटावी लागते. मित्रांत वेगळे पडण्याचे भय मात्र या वयात पराकोटीचे असते. म्हणून ज्याला मुलाशी बोलावयाचे असेल त्याने दुसऱ्या भयाशी बोलावे.

धमध्याच्या रस्त्यावरील एका खेड्यात मला अशी एक शाळा पाहावयास मिळाली. शाळेचे आणि गुरुजींचे नाव सांगत नाही. कारण पुढे येणारी गोष्ट एका मुलाची आहे. गुरुजी विज्ञान शिकवितात. वर्गाच्या दाराशी त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा कुलूप लावून ठेवला आहे आणि झाकणाला फट पाडली आहे. मुलांनी नाव न घालता प्रश्न लिहून त्यात टाकावेत आणि गुरुवारी शेवटच्या तासाला ते उघडावेत, असा परिपाठ. मी गेलो त्या दिवशी निघालेल्या चिठ्ठ्यांपैकी काही येथे मराठीत देतो. 'गुडाखू बंद केला तर दात दुखतात, ते किती दिवस?' 'गांजा शंकराचा प्रसाद आहे, तर पाप कसे?' 'ददा रोज पिऊन येतो. शपथ आम्हांला का देता?' ददा म्हणजे वडील.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुरुजींनी सरळ दिले. निकोटिन सोडल्यावर चिडचिड, डोकेदुखी आणि ओढ ही पहिल्या काही दिवसांत सर्वांत अधिक असतात आणि साधारण तीन-चार आठवड्यांत उतरत जातात. दुखणारा दात मात्र मुळातच किडलेला असेल, गुडाखूने ते दुखणे इतके दिवस झाकून ठेवले असेल, तेव्हा दाताच्या डॉक्टरांस दाखवावे. दुसऱ्या प्रश्नावर त्यांनी वर्गातच वाद लावून दिला आणि स्वतः खिडकीशी उभे राहिले. तिसरी चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, "ज्याने हे लिहिले, त्याचे म्हणणे बरोबर आहे. शपथ ददांना द्यावयास हवी. पण ती मी देऊ शकत नाही आणि तूही देऊ शकत नाहीस. ददा पिऊन आल्यावर रात्री तू कोठे बसतोस, अभ्यास कोठे करतोस, धाकट्या भावंडांना कोण जेवू घालते, हे मात्र आपण दोघे मिळून ठरवू शकतो. मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत असतो." सबंध वर्ग पुतळ्यासारखा बसला होता. मला वाटते, चिठ्ठी एकाची असली तरी उत्तर पुष्कळांना हवे होते.

नंतर त्यांनी एक साधी परीक्षा करावयास सांगितली. वाचकहो, आपणही ती आता करून पाहावी. आपल्याच हाताची मधली तीन बोटे जुळवून उभी धरावीत आणि दातांच्या दोन रांगांमध्ये घालावीत. निरोगी माणसाची तीन बोटे सहज जातात. चाळीस मुलांनी एकदम तोंडात बोटे घातल्यावर वर्गात काय हसणे माजले असेल याची कल्पना करता येईल. मागच्या बाकावरील एक मुलगा मात्र हसत नव्हता. त्याने दोन बोटे घातली, तिसरे घालून पाहिले, आणि हात काढून बाकाखाली घेतला. गुरुजींनी ते पाहिले. मी पाहिले हे त्यांनी पाहिले. ते एक अक्षर बोलले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी त्या मुलाला प्रयोगाच्या नळ्या कपाटात ठेवावयास हाक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे मोटारसायकलवरून दुर्गच्या जिल्हा रुग्णालयाकडे गेल्याचे मला कळले. तेथील डॉक्टर काय म्हणाले ते मी विचारले नाही.

याच ठिकाणी माझ्या मते या सर्व शिक्षणाची कसोटी आहे. ज्याने अद्याप सुरू केलेले नाही त्या मुलाशी बोलणे सोपे असते. ज्याने सुरू केले आहे त्याचे शाळा काय करते? पुष्कळ ठिकाणी दप्तरे तपासतात, पुडी सापडली की सर्वांसमोर उभे करतात, पालकांस बोलावतात आणि दाखला हाती देतात. खेड्यातील नववीच्या मुलाच्या हाती दाखला दिला म्हणजे तो भट्ठीच्या रांगेत किंवा पंक्चरच्या दुकानात जाऊन उभा राहणार, हे निश्चित. आपला अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ सालचा. तो कठोर म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्यातही, थोड्याशा मालासह सापडलेला माणूस आपण होऊन उपचार घेण्यास तयार असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलम आहे. जे सौजन्य कायद्याने दाखविले, ते शाळेने का दाखवू नये? १४४४६ या क्रमांकावर सरकारची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तेथे नाव न सांगता विचारता येते, आणि आईबापांनाही विचारता येते. शाळेच्या भिंतीवर कवटीच्या जागी हा क्रमांक मोठ्या अक्षरांत असता तर मला अधिक आवडले असते.

या मातीत सुधारणेचा वारसा नाही असे कोणी समजू नये. सतनामपंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या संधिकाळात आपल्या अनुयायांना मांस, मद्य आणि तंबाखू वर्ज्य करावयास सांगितले. गावोगाव पांढऱ्या ध्वजाचा जैतखांब उभा दिसतो तो त्यांच्या पंथाचा. त्यातही गंमत अशी, की पानाची चोंगी ओढण्याचा मोह ज्यांना आवरला नाही त्यांची 'चुंगिया' म्हणून निराळी शाखाच झाल्याचे जुन्या वर्णनांत आढळते! मद्य सोडणाऱ्यांनाही तंबाखू सुटली नाही, ही दीडदोनशे वर्षांपूर्वीची नोंद आजच्या डॉक्टरांस परिचित वाटेल.

आणि भिलाईच्या दक्षिणेस, जेथून कारखान्याला लोहखनिज येते, त्या दल्ली-राजहऱ्याची हकीकत तर प्रत्येक शिक्षकाने वाचावी. १९७७ साली तेथील कंत्राटी खाणमजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली. लढ्यांतून मजुरी वाढली. आणि वाढलेली मजुरी दारूच्या दुकानी जाऊ लागली. ज्या बायका संपात नवऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या, त्यांना हा विजय घरात मात्र दिसेना. तेव्हा संघटनेने दारूबंदीचे काम मजुरीच्या लढ्याइतकेच आपले मानले. सभांतून चर्चा झाली, पिणाऱ्याला दंड बसू लागला, आणि हजारो मजुरांनी दारू सोडली. पुढे त्याच मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून १९८३ साली शहीद रुग्णालय उभे राहिले. नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत गोळी घालून हत्या झाली. त्यांच्या राजकारणाविषयी मते निरनिराळी असतील. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे: त्या मजुरांना 'दारूने यकृत बिघडते' हे कोणी नव्याने सांगितले नव्हते. आपल्या जमावात पिणे आता शोभत नाही, एवढेच त्यांना कळले होते.

त्याच बाजूस, आता निराळ्या झालेल्या बालोद जिल्ह्यात, गुंडरदेहीच्या शमशाद बेगम यांनी स्त्रियांची पथके उभी केली. एकसारख्या साड्या नेसून, हातात काठी आणि तोंडात शिट्टी घेऊन या बायका रात्री गावातून फिरू लागल्या. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी राजनांदगावच्या फूलबासन यादव यांनाही. आपल्या सीमेअलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हा दारूबंदी आहे तीही लोकांच्या चळवळीतून आलेली, आणि २०१६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने शासनाच्या साह्याने चालविलेले 'मुक्तिपथ' दारूबरोबर खर्र्याच्याही मागे लागलेले आहे. गडचिरोलीच्या बाया आणि गुंडरदेहीच्या बाया यांची भाषा वेगळी. पण गाऱ्हाणे एकमेकींना दुभाष्यावाचून कळेल. भाषांतरकाराने हे कबूल करणे म्हणजे आपल्याच धंद्यावर कुऱ्हाड मारणे होय, तरी कबूल करतो.

भाषांतराचा विषय निघाला म्हणून एक सांगून ठेवतो. या विषयावरील जी सरकारी पत्रके शाळांत वाटली जातात, ती वाचून मला राहून राहून वाटले की ती मुलांच्या भाषेत नाहीत. त्यांत 'मादक द्रव्यांचे दुष्परिणाम' असतात. छत्तीसगडी मुलाच्या घरी तंबाखूला 'माखुर' म्हणतात, मोहाच्या दारूला 'मंद' म्हणतात. 'मादक द्रव्य' म्हणजे शहरातील, चित्रपटांतील काहीतरी भयंकर वस्तू. माखुर आणि मंद तर घरचेच! म्हणजे पत्रक वाचून मूल निर्धास्त होते. मराठीतही आपण 'अमली पदार्थ' म्हणून मोकळे होतो. हा शब्द मात्र मला आवडतो, कारण 'अंमल' म्हणजे राज्यही आणि कैफही, आणि दोहोंत हुकूम दुसऱ्याचा चालतो.

गुरुजींना ही गोष्ट आधीच उमगलेली होती. त्यांनी पत्रके बाजूला ठेवून मुलांना नाटक बसवावयास दिले आहे. छत्तीसगडच्या 'नाचा' या लोकनाट्याची परंपरा मोठी आहे. हबीब तनवीर यांच्या 'चरणदास चोर'ची जडणघडण १९७४-७५ च्या सुमारास या नाचाच्या कलावंतांबरोबरच झाली, आणि त्याचा आरंभीचा एक प्रयोग भिलाईतच सतनामी समाजाच्या मेळाव्यापुढे झाला होता. त्या नाटकात गुरूकडे दीक्षा घेण्यास एक दारुड्या येतो, एक गंजेडी येतो, एक जुगारी येतो, आणि प्रेक्षक त्यांना हसता हसता ओळखीच्या माणसांना ओळखत जातात. गुरुजींची मुलेही तसेच काही रचीत आहेत. दिवाळीनंतर गावच्या मडईत, म्हणजे जत्रेत, त्याचा प्रयोग व्हावयाचा आहे. कथानकात एक पोरगा आहे, त्याचे तीन मित्र आहेत, तिठ्यावरचा दुकानदार आहे आणि दात घासणारी आजी आहे. आजीचे काम नववीतील एका मुलीने घेतले आहे. खरी आजी पुढच्या रांगेत बसणार म्हणून ती आतापासून धास्तावली आहे, आणि तिने स्वतःच्या भूमिकेतील दोन चावट वाक्ये गुरुजींकडून गाळून घेतली आहेत. दुकानदाराच्या कामासाठी मात्र सात उमेदवार आहेत, कारण सर्वांत विनोदी भाषणे त्याला मिळाली आहेत. मागच्या बाकावरचा तो मुलगा या सातांपैकी एक. त्याने तोंड पुरते न उघडता बोलून दाखविले तेव्हा सगळे पोट धरून हसले, आणि तोही हसला. काम कोणाला द्यावे हे गुरुजींनी अद्याप ठरविलेले नाही. पुढच्या गुरुवारी डबा उघडून झाल्यावर ठरवू, असे म्हणून त्यांनी मला बसथांब्यापर्यंत सोडले.